सामाजिक संशोधनात पहिली नोकरी: तयारी कुठून करायची?

‘रिसर्चमध्ये जायचंय’ असं म्हणणाऱ्या बऱ्याच मुलामुलींच्या डोळ्यांपुढे नेट-सेट, पीएचडी आणि प्राध्यापकी एवढंच असतं. सामाजिक संशोधनाचं रोजचं काम मात्र त्याच्या बरंच आधी सुरू होतं आणि त्याला पीएचडी लागत नाही. कुणीतरी वस्तीत जाऊन घरांची यादी करतं, कुणी प्रश्नावली भरून आणतं, कुणी रेकॉर्ड केलेल्या मुलाखती ऐकून उतरवून काढतं, कुणी आकडे साफ करतं, कुणी अहवालाचा कच्चा मसुदा लिहितं. पहिली नोकरी यातल्याच एखाद्या कामाची असते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजकार्य, भूगोल, संख्याशास्त्र यांपैकी काहीही शिकलेल्या माणसाला ती मिळू शकते.

माझं मत आधीच सांगून टाकते. ऑनलाइन कोर्सच्या पाच-सहा सर्टिफिकेटांपेक्षा स्वतः प्रश्न ठरवून, माणसांना भेटून, आकडे मांडून लिहिलेलं दोन पानी टिपण जास्त उपयोगी पडतं. उमेदवार निवडायला बसणाऱ्यांना सर्टिफिकेटं सारखीच दिसतात. टिपण वाचलं की समोरच्याला काय येतं आणि काय येत नाही, हे पाच मिनिटांत कळतं. खाली जे सांगितलं आहे ते सगळं त्या दोन पानांकडे नेणारं आहे.

१. काम कोण देतं ते आधी ओळखा

सगळ्यात मोठं मनुष्यबळ लागतं ते मोठ्या सर्वेक्षणांना. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस, १९९२-९३ पासून होतंय. त्याची सूत्रं मुंबईत देवनारला असलेल्या आयआयपीएसकडे असतात. ही लोकसंख्याविषयक संस्था १९५६ मध्ये सुरू झाली. प्रत्यक्ष घरोघरी जाण्याचं काम ठिकठिकाणच्या एजन्सींकडे दिलं जातं आणि त्या काही महिन्यांसाठी फील्ड इन्व्हेस्टिगेटर घेतात. नोकरी तात्पुरती असते, पण शिकायला मिळतं भरपूर, कारण प्रशिक्षण दीर्घ आणि शिस्तीचं असतं.

दुसरा गट संशोधन संस्थांचा. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था (१९३०), मुंबईत टिस, म्हणजे टाटा सामाजिक विज्ञान संस्था (१९३६), एसएनडीटीचं महिला अभ्यास केंद्र, आरोग्यावर काम करणारी सेहत, पाण्याच्या प्रश्नावर काम करणारी सोपेकॉम. सरकारच्या बाजूने बार्टी, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर संशोधन व प्रशिक्षण संस्था, आणि आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहेत. इथे प्रकल्प मंजूर झाला की रिसर्च असिस्टंटची जागा निघते आणि प्रकल्प संपला की तीही संपते. जाहिरात बऱ्याचदा फक्त संस्थेच्या वेबसाइटवर येते, तीही आठ-दहा दिवसांच्या मुदतीने. म्हणून आपल्या विषयाच्या संस्थांची यादी करून त्यांची पानं आठवड्याला एकदा उघडायची सवय लावा.

तिसरा गट स्वयंसेवी संस्थांचा. त्यांच्याकडे ‘एम अँड ई’ नावाचा विभाग असतो, म्हणजे कार्यक्रम नीट चाललाय का आणि त्याने काही फरक पडला का, हे पाहणारे लोक. चौथा गट मार्केट रिसर्च कंपन्यांचा. सामाजिक क्षेत्रातले लोक त्यांच्याकडे जरा नाक मुरडून पाहतात, ते मला पटत नाही. साबणाबद्दल प्रश्न विचारताना आणि बाळंतपणाबद्दल प्रश्न विचारताना नमुना (म्हणजे सगळ्यांच्या वतीने विचारायची थोडी घरं) निवडायची, दार उघडून घ्यायची आणि फॉर्म तपासायची कसोटी बरीचशी सारखीच असते. निवडणुकीच्या हंगामात याच कंपन्या मतदारांची सर्वेक्षणंही करतात.

कायम नोकरी हवी असेल तर परीक्षेचा रस्ता वेगळा. राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयात सांख्यिकी सहायक, अन्वेषक अशी पदं असतात. केंद्रात कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतून घेतले जातात. त्यासाठी गणित किंवा संख्याशास्त्राची अट असते, ती जाहिरातीत नीट वाचून घ्या.

२. शिक्षणाबद्दल थोडक्यात

फील्डच्या कामाला पदवी पुरते. रिसर्च असिस्टंटसाठी बहुतेक ठिकाणी एमए, एमएसडब्ल्यू किंवा एमएस्सी मागतात. विषय कोणता, यापेक्षा संशोधन पद्धतीचा पेपर तुम्ही मन लावून केला की गाइडवर काढला, हे लवकर उघडं पडतं. शेवटच्या वर्षाचा लघुप्रबंध बाजारातून टाइप करून घेण्याची जी पद्धत आहे, तिने स्वतःचंच नुकसान होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो.

इंग्रजीची भीती असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: अहवाल इंग्रजीत वाचता येणं आणि साधं, बरोबर इंग्रजी लिहिता येणं गरजेचं आहे. फाडफाड बोलता आलंच पाहिजे असं नाही. उलट वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, कोकणी, पावरी, गोंडी यांपैकी एखादी भाषा किंवा बोली समजत असेल, तर ती बायोडेटात ठळक लिहा. ती येणारा माणूस मिळत नाही म्हणून कामं अडतात.

३. अहवालाआधी प्रश्नावली वाचा

नवखे लोक अहवालातले निष्कर्ष वाचतात आणि विसरतात. त्यापेक्षा एनएफएचएसची प्रश्नावली डाउनलोड करा आणि स्वतःच्या घरातल्या एखाद्या बाईला समोर बसवून त्यातला अर्धा भाग विचारून पाहा. कोणता प्रश्न अडतो, कुठे ती हसते, कुठे गप्प होते, कोणत्या उत्तरावरून पुढचे चार प्रश्न गाळले जातात, हे सगळं ध्यानात येतं. मग आपल्या जिल्ह्याचं फॅक्टशीट, म्हणजे मुख्य आकड्यांचं पत्रक, उघडा. त्यातला एक आकडा धरा, समजा रक्तक्षय असलेल्या स्त्रियांचं प्रमाण, आणि तो कोणत्या मोजणीतून आला ते मागे मागे शोधत जा. नमुना किती घरांचा? घरं कशी निवडली? रक्त कुणाचं तपासलं? असा एकच आकडा शेवटपर्यंत माग काढून वाचलात, तर अख्खा अहवाल चाळण्यापेक्षा जास्त कळेल.

पद्धत समजून घ्यायला ‘असर’ फार सोपं आणि सुंदर उदाहरण आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने २००५ मध्ये सुरू केलेलं हे ग्रामीण शिक्षणाचं सर्वेक्षण. प्रत्येक जिल्ह्यातली ३० गावं, प्रत्येक गावात २० घरं. गावाचा नकाशा काढायचा, त्याचे चार भाग करायचे, प्रत्येक भागातून पाच घरं घ्यायची आणि तीही दर पाचवं घर असं मोजत. मुलांची तपासणी शाळेत होत नाही, घरी होते, म्हणजे शाळेत न जाणारं किंवा त्या दिवशी गैरहजर असलेलं मूल निसटत नाही. मुलासमोर अक्षरं, शब्द, छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असलेला कागद ठेवायचा आणि ते कुठपर्यंत वाचतं ते नोंदवायचं. एवढ्या साध्या हत्याराने देशभर चर्चा घडवली. प्रश्न नेमका असेल तर हत्यार साधं चालतं, हे यातून शिकावं.

आणि जाता जाता. हॅरॉल्ड मान या पुण्याच्या शेती महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता: जमिनीचे तुकडे किती, कर्ज किती, घर चालवायला पुरतं का. आज तिथे टॉवर आहेत आणि आयटीतली मंडळी राहतात. पुण्याच्या मुलांनी तो अभ्यास नुसता चाळला, तरी घरोघरी जाऊन मोजणं ही आपल्याकडे आयात झालेली नवी फॅशन नाही हे कळेल.

४. फील्डवर जा, पहिल्याच संधीला जा

‘असर’सारख्या सर्वेक्षणात महाविद्यालयांचे विद्यार्थी स्वयंसेवक म्हणून जातात. तुमच्या कॉलेजला विचारा. नसेल तर समाजकार्य महाविद्यालयांच्या प्राध्यापकांकडे, जिल्ह्यातल्या संस्थांकडे चौकशी करा. घरांची यादी करणं, जुने फॉर्म कॉम्प्युटरवर चढवणं, मुलाखती उतरवून काढणं अशी सुटी कामं सतत निघत असतात.

गावात गेल्यावर आधी कुणाला भेटायचं, हे कुठल्या पुस्तकात नसतं. सरपंच, ग्रामसेवक, पोलीस पाटील यांना भेटून पत्र दाखवायचं, हे झालं रीतीचं. पण वस्तीत कोण कुठे राहतं, कोणतं घर यादीतून नेहमी सुटतं, हे आशाताईला आणि अंगणवाडीताईला माहीत असतं. त्यांचा वेळ फुकट आहे असं समजू नका. लसीकरणाच्या दिवशी जाऊन त्यांना गाठणं म्हणजे स्वतःचा दिवस वाया घालवणं. आणि नकाशा काढताना गावठाणापाशी थांबायचं नाही. ओढ्यापलीकडची वस्ती, वीटभट्टी, शेतातली घरं, पारधी किंवा धनगर पाल हे सगळं त्यात आलं पाहिजे. यादीत नसलेलं घर नमुन्यात येऊच शकत नाही.

सगळ्यात मोठा मोह म्हणजे बंद घराच्या जागी शेजारचं घर घेणं. बीड जिल्ह्यातल्या एखाद्या गावात जानेवारीत सर्वेक्षणाला गेलात तर कितीतरी घरांना कुलपं दिसतील. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं दिवाळीच्या सुमाराला निघतात ती हंगाम संपल्यावरच परततात. त्यांच्या जागी उघडी घरं घेतली, तर नमुन्यात म्हातारी माणसं आणि जमीनवाले वाढतात. मग स्थलांतर, मजुरी, मुलांची गळती या सगळ्यांचे आकडे गोड दिसायला लागतात. म्हणून नियम असा: ठरलेल्या वेळा परत जायचं, तरी बंद असेल तर ‘बंद’ असंच नोंदवायचं, कारण लिहायचं, आणि घर बदलण्याचा निर्णय सुपरवायझरवर सोडायचा. मुलाखतीत हा प्रश्न हमखास विचारतात.

५. विचारायला शिका

या विद्येला सगळ्यात कमी वेळ दिला जातो आणि सगळं अवलंबून असतं ते हिच्यावरच.

एक प्रसंग घ्या. प्रश्न आहे: ‘तुम्ही काही काम करता का?’ दारात उभी असलेली बाई म्हणते, ‘नाही ओ, मी घरीच असते.’ नवखा इन्व्हेस्टिगेटर ‘घरकाम’ टिपून मोकळा होतो. पीएलएफएस या केंद्राच्या रोजगार सर्वेक्षणात त्याचा कोड ९२. आता तीच मुलाखत जरा पुढे नेऊ.

‘बरं, आज सकाळपासून काय काय केलं?’

‘काय करणार, उठले, शेण काढलं, धारा काढल्या, डबे केले…’

‘धारा कशाच्या?’

‘दोन म्हशी आहेत ना. दूध डेअरीला जातं.’

‘मग वैरण कोण आणतं?’

‘मीच. हे सकाळी फक्त दूध घालून येतात.’

दूध विकलं जातं म्हणजे तो घरचा व्यवसाय झाला आणि ती त्यात बिनपगारी हात लावणारी झाली. तिचा कोड २१ होतो, आणि ती आकडेवारीत ‘काम करणारी’ ठरते. म्हशी नसत्या आणि ती घरकाम करून फक्त सरपण, रानभाजी असं घरापुरतं गोळा करत असती तर कोड ९३ झाला असता. एका जिल्ह्यात शे-दोनशे बायकांच्या बाबतीत हे असं निसटलं, तर ‘बायका रोजगारातून बाहेर पडताहेत’ असे मथळे छापून येतात. याच सर्वेक्षणात चालू आठवड्याच्या हिशोबाने गेल्या सात दिवसांत कोणत्याही एका दिवशी तासभर काम केलं तरी माणूस कामावर धरला जातो. अशा व्याख्या पाठ नसल्या तरी हाताशी असाव्या लागतात, आणि त्या व्याख्येपर्यंत पोचायला ‘काय करता?’ऐवजी ‘काल काय केलं?’ विचारावं लागतं.

वयाचंही तसंच. जनगणनेपासून कुठल्याही सर्वेक्षणात ३०, ३५, ४०, ४५ अशा वयांची गर्दी दिसते, कारण लोक अंदाजाने शून्य किंवा पाचवर थांबतात. ही गर्दी मोजायला लोकसंख्याशास्त्रात व्हिपल निर्देशांक नावाचं मापही आहे. ‘असेल पासष्ट-सत्तर’ असं उत्तर आलं, तर घटनांचा आधार घ्यायचा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेला होतात का? किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी, म्हणजे सप्टेंबर १९९३ मध्ये, थोरला केवढा होता? साताऱ्याकडे कोयनेचा भूकंप, १९६७ चा डिसेंबर. पुण्यातल्या म्हाताऱ्यांसाठी पानशेत, १२ जुलै १९६१. मुंबईत २६ जुलै २००५. जिल्ह्यानुसार अशी घटनांची यादी करून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा. महिन्यांसाठी सण धरा: पोळ्याच्या आधी की नंतर, आखाडीला की दसऱ्याला.

जमीन विचारताना एकक लिहायचं विसरू नका. लोक एकर-गुंठ्यात बोलतात, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. ४० गुंठ्यांचा एकर, साधारण अडीच एकरांचा हेक्टर. ‘दीड’ म्हणाले म्हणजे दीड काय, ते त्याच क्षणी विचारा. आणि नावावरची जमीन, कसत असलेली जमीन, वाट्याने केलेली जमीन या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्पन्न थेट विचारलं की खोटं किंवा अंदाजपंचे उत्तर येतं. म्हणून बहुतेक प्रश्नावल्या खर्च विचारतात, घरातल्या वस्तू विचारतात, रेशनकार्ड पिवळं की केशरी की पांढरं ते विचारतात.

गुणात्मक मुलाखत, म्हणजे मोकळ्या गप्पांच्या अंगाने जाणारी मुलाखत, हा वेगळा रियाज आहे. तिथे उत्तरानंतर लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. थोडं थांबायचं. माणसं त्या थांबण्यात खरं बोलून जातात. रेकॉर्डिंग उतरवून काढताना बोलीतलं वाक्य पुस्तकी करू नका. ‘लेकराला दवाखान्यात न्यायला पैसं नव्हतं’ हे ‘आर्थिक अडचणीमुळे उपचार घेता आले नाहीत’ असं लिहिलंत, तर विश्लेषण करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. एका तासाच्या रेकॉर्डिंगला पाच-सहा तास सहज जातात, म्हणून युनिकोड मराठी टायपिंग झपाट्याने यायला हवं. ही किरकोळ वाटणारी गोष्ट पहिली कमाई मिळवून देते.

६. संमती म्हणजे सहीचा कागद नव्हे

आपण कोण, कुठून आलो, माहितीचं काय होणार, किती वेळ लागेल, नाही म्हटलं तरी चालेल, मधेच थांबता येईल. हे सगळं आपल्या शब्दांत, घोकल्यासारखं न म्हणता सांगता आलं पाहिजे. विशेषतः ‘यातून तुम्हाला घरकुल किंवा कुठली योजना मिळणार नाही’ हे स्पष्ट सांगा. ते न सांगता मिळवलेली उत्तरं गरिबी फुगवून सांगणारी असतात, आणि त्या माणसाची फसवणूक होते ती वेगळीच.

आधारकार्डाचे फोटो काढून घेऊ नका. घरातल्या माणसांचे फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे, पण कायदा नसता तरी हेच योग्य होतं. एनएफएचएसमध्ये नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेचे प्रश्न घरातल्या एकाच बाईला विचारतात आणि एकांत मिळाला नाही तर ते विचारतच नाहीत. सासू तिथेच तांदूळ निवडत बसली असेल तर फॉर्मचा तो भाग रिकामा राहिलेला चालतो. कामाचा आकडा पुरा करण्यासाठी त्या बाईला रात्री मार बसेल असं काही करायचं नाही.

७. कॉम्प्युटर: आधी एक्सेल, मग बाकी

आकड्यांच्या विश्लेषणासाठी आर हे सॉफ्टवेअर शिकू की स्टाटा, असा प्रश्न येतो. आधी एक्सेल नीट शिका: फिल्टर, क्रमवारी, पिव्होट टेबल, दोन तक्ते जोडणं. त्याहून आधी कोडबुक, म्हणजे कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिलाय त्याची यादी, वाचायला शिका. बहुतेक सर्वेक्षणांत ‘माहीत नाही’ला ९८ किंवा ९९ असा कोड असतो. समजा दहा घरं आहेत, नऊ घरांना सरासरी दोन एकर जमीन आणि दहाव्याच्या रकान्यात ९९. तुम्ही थेट सरासरी काढली तर उत्तर येतं ११.७ एकर. अशी गाव-सरासरी अहवालात छापून गेलेली मी पाहिली आहे, आणि ती कोणालाच खटकली नव्हती.

एक्सेलवर हात बसला की आर घ्या. ते मोफत आहे. स्टाटा, एसपीएसएस विकतचे असतात, ते नोकरीच्या ठिकाणी मिळाले की शिकता येतात. सरावासाठी केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर नाव नोंदवलं की पीएलएफएस, कुटुंब खर्च अशा सर्वेक्षणांचा मूळ डेटा मिळतो. तिथे वजनं, म्हणजे नमुन्यातलं एक घर किती घरांच्या वतीने आहे ते सांगणारे मल्टिप्लायर, लावल्याशिवाय राज्याचे आकडे निघत नाहीत. पहिल्यांदा तुमचं उत्तर छापील अहवालाशी जुळलं की जो आनंद होतो, तो अनुभवण्यासारखा आहे.

मोबाइलवर फॉर्म भरण्यासाठी बऱ्याच संस्था कोबो टूलबॉक्स, ओडीके, सर्व्हेसीटीओ वापरतात. कोबोवर फुकट खातं उघडून दहा प्रश्नांचा मराठी फॉर्म स्वतः बनवा. त्यात एक प्रश्न असा ठेवा की ‘नाही’ म्हटल्यावर पुढचे तीन गाळले जातील आणि वयाच्या रकान्यात १२० च्या वर काही घेतलंच जाणार नाही. हे एका दुपारचं काम आहे.

८. ते दोन पानी टिपण

आता मुख्य गोष्ट. विषय जवळचा आणि लहान घ्या. ‘स्पर्धा परीक्षांचा युवकांवरील परिणाम’ हा विषय नव्हे, ते भाषण आहे. ‘पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करणाऱ्यांचा महिन्याचा खर्च किती आणि तो कुठून येतो?’ हा विषय आहे. सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता इथे तो तुमच्या अवतीभवतीच आहे.

तीन अभ्यासिका निवडा: एक महागडी, एक मधली, एक स्वस्त किंवा महापालिकेची. प्रत्येकीत दहा जण. फक्त ओळखीच्यांना विचारू नका. समजा दर चौथ्या टेबलावरचा माणूस घ्यायचा, असा नियम आधी ठरवा. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा जा, कारण दिवसा अर्धवेळ नोकरी करणारे सकाळी भेटतच नाहीत. मुलींची संख्या मुद्दाम पाहा. प्रश्न बारा-पंधरापेक्षा जास्त नकोत: खोली किंवा कॉट बेसिस, मेस, अभ्यासिकेची फी, टेस्ट सिरीज, पुस्तकं, प्रवास, मग पैसे घरून, स्वतःच्या कामातून, उसने की शिष्यवृत्तीतून, तयारीचं कितवं वर्ष. आधी चार जणांवर पायलट, म्हणजे प्रश्नांची चाचणी, करा. खर्च एकदम विचारला तर सात-आठ हजार असं गोल उत्तर येईल, रकान्यांत विचारला तर बेरीज वेगळी निघेल. तो फरक स्वतःच टिपणात लिहिण्यासारखा आहे.

टिपणात एक तक्ता, फार तर एक आलेख, दोन-तीन जणांची वाक्यं त्यांच्याच शब्दांत (नावं बदलून), आणि शेवटी एक परिच्छेद: या तीस जणांवरून काय म्हणता येतं आणि काय म्हणता येत नाही. पुण्यात येणं परवडलंच नाही अशी मुलं यात नाहीत. तयारी सोडून गावी गेलेली नाहीत. हा परिच्छेद नवख्या उमेदवाराच्या टिपणात क्वचित दिसतो, आणि वाचणाऱ्याची नजर आधी तिथेच जाते. टक्केवारी देताना तिसांपैकी किती, ते आकड्यात लिहा. ‘३.३३ टक्के विद्यार्थी’ म्हणजे एक मुलगा असतो.

टिपण मराठीत लिहा, मग स्वतःच इंग्रजीत करा. दोन्ही जोडा.

९. अर्ज, मुलाखत आणि कागदावरच्या अटी

बायोडेटा दोन पानांचा पुरे. ‘टीममध्ये काम करण्याची आवड’ काढून टाका. त्या जागी कोणत्या तालुक्यात, कोणत्या विषयावर, किती फॉर्म भरले, कोणतं सॉफ्टवेअर वापरलं ते लिहा. बऱ्याच ठिकाणी आधी लेखी चाचणी असते: गडबडलेली एक्सेल शीट साफ करा, एका परिच्छेदाचा अनुवाद करा, एका तक्त्यावरून दोनशे शब्द लिहा. सराव याच तिन्हींचा करा.

मुलाखतीत प्रसंग विचारतात. उत्तर देणारा मधेच उठून गेला तर? गावचा पुढारी फॉर्म पाहायला मागतो आहे, तर? टीममधला जोडीदार कुणाला न विचारता झाडाखाली बसून फॉर्म भरतोय हे दिसलं तर? शेवटच्या प्रश्नावर ‘मी त्याला समजावीन’ एवढंच उत्तर पुरत नाही. हल्ली जीपीएस, आपोआप होणारं रेकॉर्डिंग, फॉर्मला लागलेला वेळ आणि काही घरांत परत जाऊन केलेला बॅक-चेक यातून असे फॉर्म पकडले जातात आणि मग अख्ख्या टीमचा डेटा रद्द होतो. सुपरवायझरला त्याच दिवशी कळवायचं.

काम स्वीकारण्याआधी विचारायच्या गोष्टी, लाजायचं नाही: पैसे रोजावर की फॉर्मवर? फॉर्मवर असतील तर बंद घराचे, नकाराचे काय? प्रशिक्षणाच्या दिवसांचे मिळतात का? प्रवास, मुक्काम, जेवण कुणाचं, आणि ते आगाऊ की बिलं दिल्यावर? टॅब हरवला किंवा फुटला तर भरपाई कोण देणार? अपघात विमा आहे का? मुलींनी आणखी दोन गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात: मुक्कामाच्या ठिकाणी बरोबर दुसरी मुलगी असेल ना, आणि संध्याकाळी फील्डवरून परत आणायला गाडी कोणाची. एका संस्थेने शेवटच्या महिन्याचे पैसे ‘डेटा साफ झाल्यावर’ म्हणून सहा महिने रखडवले, तेव्हापासून मी प्रत्येकीला सांगते की शेवटचा हप्ता कधी मिळणार त्याची तारीख नेमणूकपत्रात लिहून घे. तोंडी सांगितलं असेल तर त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं बोलणं झालं’ असा दोन ओळींचा ईमेल पाठवून ठेवायचा, आणि फील्ड संपल्यावर अनुभवाचं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत टॅब परत केल्याची पोचपावती फेकायची नाही.